मदत हवी आहे: गेर्लँचं 'आप्रे लाँदे' परफ्यूम आपल्या हवेत टिकतं का?

नमस्कार मंडळी. बहीण पुढच्या महिन्यात पॅरिसहून येतेय. आईसाठी तिथून गेर्लँचं 'आप्रे लाँदे' मागवायचा विचार आहे. गेर्लँ हे फ्रेंच परफ्यूमचं घराणं १८२८ पासूनचं, आणि हे परफ्यूम झाक गेर्लँ यांनी १९०६ मध्ये केलेलं. म्हणजे माझ्या पणजीच्या काळातलं!

मैत्रिणीकडे कागदी पट्टीवर मारून पाहिलं. सुरुवातीला चक्क बडीशेपेसारखा थंड वास, मग हळूच व्हायोलेट, आणि शेवटी आयरिस नि हेलिओट्रोपचा पावडरी, किंचित बदामी गोडवा. आईला भपकेदार काही चालत नाही, डोकं धरतं तिचं. हे मात्र आवडेल असं वाटतं.

अडचण एवढीच, की आता हे 'ओ द त्वालेत'मध्येच (म्हणजे कमी तीव्रतेच्या प्रकारात) मिळतं आणि ते मुळातच फार हलकं. ठाण्याच्या घामट हवेत तासभर तरी राहील का? सुती साडीवर मारलं तर डाग पडतो का? कोणी वापरत असेल तर प्लीज सांगा. गेर्लँचंच दुसरं परफ्यूम 'लर ब्लू' सुचवू नका, ते आईला जड होईल. साधारण असंच नाजूक पण जरा टिकणारं दुसरं काही असेल तर जरूर कळवा.