मदत हवी आहे: गेटरमधून दिलेली लिस्ट बाहेरून बदलतेय

कोटलिन भाषेतल्या माझ्या कार्ट क्लासमध्ये प्रायव्हेट म्युटेबललिस्ट (बदलता येणारी यादी) आहे आणि गेटर (बाहेरून वाचायची वाट) तीच यादी ‘लिस्ट’ या फक्त वाचायच्या टाइपने बाहेर देतो. हा नुसता पडदा. आत ॲरेलिस्टच (बदलता येणारी साधी यादी) असल्यामुळे कुणीही तिला म्युटेबललिस्टमध्ये कास्ट करून, म्हणजे तो टाइप मानायला लावून, ॲड करू शकतो. शिवाय बाहेर फॉर लूप चालू असताना आतून एखादी वस्तू काढली की कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन (लूपमध्ये असताना यादी बदलल्याची एरर).

गेटरमध्ये टूलिस्ट (यादीची कॉपी देणारं फंक्शन) लावलं की दोन्ही थांबतं, पण दर वाचनाला अख्खी कॉपी! इंडेक्सने लूप फिरवला तर ५०० वस्तूंना ५०० कॉप्या.

व्हार (पुन्हा नेमता येणारं व्हेरिएबल) आणि प्रायव्हेट सेट (नेमणं फक्त क्लासच्या आतून) ठेवून दर बदलाला प्लसने नवी लिस्ट बनवू का? लूपचा प्रश्न मिटेल, पण जेव्हीएमवर (कोटलिन चालवणारं जावाचं व्हर्च्युअल मशीन) प्लसही ॲरेलिस्टच देतो, म्हणजे कास्टची पळवाट उरतेच. की सरळ पर्सिस्टंटलिस्ट (कधीच न बदलणारी, बदलाला नवी आवृत्ती देणारी यादी) आणू? थ्रेड एकच, वाचन भरपूर, बदल तुरळक.