अनुभव धागा : किनाऱ्यावरच्या छायाचित्रकाराला दिशा सापडते कशी?

मालवण

कॅमेरा हाताशी असतो, तंत्रही बऱ्यापैकी अंगवळणी पडलेले असते, पण नेमके काय टिपायचे तेच उमगेनासे होते, असा काळ छायाचित्रण करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी आपल्याला वाट कुठे सापडली, हे कोकणातल्या सर्वांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो.

दोन वर्षे मी चिवल्याच्या वेळेवर, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावर, जाऊन सूर्यास्त टिपत होतो आणि एके दिवशी ते सारे एकत्र पाहताना लक्षात आले की, कोणते छायाचित्र कोणत्या संध्याकाळचे हे मलाच सांगता येत नव्हते. त्याच सुमारास एका सकाळी रापण ओढली जात होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढायची आणि ओढता ओढता रांगा एकमेकींजवळ सरकत आणायच्या, असे ते काम असते. मी कॅमेरा सरसावून पुढे झालो, तेव्हा एक वयस्क रापणकर म्हणाले, "आधी दोरी धर, मगे फोटो काड." मी दोरी धरली. तळहात सोलवटून निघाल्यावर कळले की ओढण्याचा सगळा जोर टाचांवर येतो आणि प्रत्येकाच्या पायांखाली वाळूत दोन खोल खड्डे पडत जातात. त्यानंतर मी वर्षभर रापणकरांचे पायच टिपले. माझ्या कामाला पहिल्यांदा स्वतःचा असा विषय मिळाला, तो त्या दोरीमुळे.

राजापूर

मला दिशा मिळाली ती उन्हाच्या तिरिपीमुळे. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आल्यावर मी उत्साहाने कशेळीच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावर, गेलो. तेथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती कोरलेल्या आहेत. मी पोहोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होते. जांभ्याचा कातळ सगळीकडून सारखा उजळलेला, उथळ रेषांना सावलीच नाही, त्यामुळे कॅमेऱ्यात फक्त तपकिरी दगड आला. गुरे घेऊन चाललेल्या एका काकांनी थांबून सांगितले की सकाळी लवकर या, तेव्हा हत्ती जागा असतो.

दुसऱ्या दिवशी सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना आडवा प्रकाश रेषांच्या एका कडेवर पडला, दुसऱ्या कडेची सावली खाचेत उतरली आणि पायाखालच्या कातळातून पाठ, सोंड, पाय असे एकेक उलगडत गेले. जेमतेम अर्धा तास ते टिकले. संपूर्ण हत्ती एका चौकटीत बसवण्याचा हट्ट मी तेथेच सोडला आणि एका वेळी एकच रेष घ्यायची असे ठरवले. ती रेष कोरणाऱ्याच्या हाताच्या आवाक्याएवढ्याच अंतरावरून ती पाहावी, असे मला मनापासून वाटते. आता मी एकाच आकृतीकडे ऋतूमागून ऋतू जातो. पावसाळ्यात खाचांत पाणी साचते आणि त्यात आभाळ दिसते, तर भाद्रपदात सड्यावरची चिमुकली रानफुले रेषांच्या कडेने उगवतात.

हर्णै

बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावाची छायाचित्रे सगळेच काढतात, मीही काढत होतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मात्र बंदर रिकामे असते, म्हणून मी कधी फिरकलोच नव्हतो. एका पावसाळ्यात सहज गेलो, तर शाकारलेल्या होड्या आणि पडवीत बसून जाळी विणणारी माणसे दिसली. माझे काम आता त्याच दोन महिन्यांचे असते.

कुडाळ

वरील अनुभवांत मला माझाच अनुभव दिसतो. दशावताराचे नाटक मी कितीतरी जत्रांत रंगमंचासमोर उभे राहून टिपले, पण दिशा गवसली ती देवळामागच्या रंगपटात. तेथे एक कलावंत पेटाऱ्याला टेकून, हातातल्या वीतभर आरशात पाहत स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवत होते. अर्ध्या चेहऱ्यावर सफेदा चढलेला होता आणि उरलेला अर्धा दिवसभर शेतात राबलेल्या माणसाचा होता. लिखित संहिता नसल्याने रंगवता रंगवताच ते शेजाऱ्याशी त्या रात्रीच्या कथानकाची जुळणी करत होते. परवानगी विचारल्यावर त्यांनी मान हलवली, पण मी फ्लॅश काढून ठेवला आणि एकच ५० मिलिमीटरची लेन्स ठेवली, कारण बल्बच्या पिवळ्या उजेडात जे दिसत होते तेच मला हवे होते. प्रत्येक जत्रेनंतर छापील प्रती त्यांना नेऊन देण्याचा नेम मी तेव्हापासून पाळतो. त्या प्रती पाहून ते ज्या चुका दाखवतात, त्यांतून मी सर्वाधिक शिकलो आहे.

वेळास

माझा अनुभव न काढलेल्या छायाचित्राचा आहे. कासवांची पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात, त्यामुळे दुसरा कोणताही प्रकाश त्यांना भरकटवू शकतो. एके दिवशी आमच्या किनाऱ्यावर अशी पिल्ले समुद्राकडे सोडली तेव्हा मी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि केवळ पाहिले. ती पाण्यात गेल्यावर ओल्या वाळूवर वल्ह्यांसारख्या इवल्या पायांच्या दुहेरी रेघा उरल्या होत्या. मी गुडघ्यांवर बसलो आणि पुढची लाट येण्याआधी दोन छायाचित्रे घेतली.