कामावरच शिकतेय, पण शिकवतंय कोण? (वृद्धांच्या केअरचं काम)

तिसरा_आठवडा

नमस्कार. वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये ट्रेनी म्हणून लागून मला आज १९ दिवस झाले. आधी अनुभव काही नाही, घरी आजीचं केलं होतं तेवढाच. घेताना म्हणाले, ट्रेनिंग कामावरच मिळेल. पहिले ३ दिवस एका सिनियर ताईंच्या मागे मागे फिरले, त्या स्वभावाने छान आहेत पण हात एवढा भराभर चालतो त्यांचा की मला काही कळायच्या आत आजोबा अंघोळ होऊन, कपडे घालून खुर्चीत बसलेले असतात. चौथ्या दिवशी स्टाफ कमी होता म्हणून ५ जणांचं सकाळचं सगळं मला एकटीला दिलं.

परवा एका आजोबांना शर्ट घालत होते, त्यांची डावी बाजू पॅरालिसिसने गेलीये. मी उजवा हात आधी घातला आणि मग डावा काही केल्या बाहीत जाईना, मी ओढला, ते कळवळले. "हळू गं" एवढंच म्हणाले पण डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. नंतर मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. आणि एक आजी आहेत, डिमेन्शिया आहे, अंघोळीला नेलं की ओरडतात, चिमटे काढतात, माझा दंड काळानिळा झालाय. विचारलं तर उत्तर एकच, "होईल सवय."

कामावर शिकणं म्हणजे असंच असतं का? आधी कोर्स करायला हवा होता का? आणि काय शिकवा म्हणून मागू? नवीन माणसाने मागितलेलं चालतं का?

रात्रपाळीवाली

अगं आधी शर्टाचं सांगते, ते डोक्यात बसलंय तुझ्या. घालताना दुखरा हात आधी, काढताना चांगला हात आधी. एवढं पाठ कर. बाही पूर्ण गोळा करायची, मनगटाच्या बाजूने आपला हात बाहीत घालायचा, आतून त्यांचा हात धरायचा आणि बाही त्यांच्या हातावर वर वर सरकवत न्यायची. सरकते ती बाही, त्यांचा हात ओढायचाच नाही. लुळ्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, ओढलं की सांधा खाली उतरतो आणि मग महिनोन्महिने दुखत राहतो. काखेत हात घालून उठवतात ना सगळे, तेही त्याच कारणाने करायचं नाही. आणि परवाचं दुखलेलं नर्सला सांगितलंयस ना? नसेल तर आजच सांग.

आता आजींचं. मी ११ वर्षं करतेय हे काम आणि माझं मत असं की अंघोळीला ओरडणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा थंडी वाजत असते, लाज वाटत असते नाहीतर हे काय चाललंय हेच कळत नसतं. कुणीतरी अनोळखी बाई येऊन कपडे काढायला लागली तर मी पण चिमटा काढीन! बाथरूम आधी गरम करून घे, पाणी आपल्या हाताला बघ, मग त्यांच्या हाताला लावून विचार. अख्खे कपडे एकदम काढू नको, मोठा टॉवेल अंगावर ठेवायचा आणि धुवायचं तेवढाच भाग उघडायचा. सुरुवात पायांपासून, डोकं आणि तोंड शेवटी, डोक्यावर एकदम पाणी आलं की घाबरतात. आणि हातात एक नॅपकीन दे, "आजी तुम्ही हात पुसा, मी पाय पुसते". हात कामात असले की चिमटे कमी होतात, बघच. तरीही नाहीच म्हणाल्या तर सोडून दे, २० मिनिटांनी परत जा, कधीकधी त्याच आजी हसत उठून येतात. एक दिवस अंघोळ नाही झाली, स्पंजिंग झालं, तर काही बिघडत नाही.

कोर्स_करून_आलो

मी ६ महिन्यांचा कोर्स करून आलो आणि पहिल्या दिवशी माझीही तुझ्यासारखीच फजिती झाली, कारण आम्ही डमीवर शिकलो आणि डमी कधी "नको" म्हणत नाही. त्यामुळे कोर्स नाही केला म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. पण एक स्पष्ट बोलतो, वाईट वाटून घेऊ नकोस. चौथ्या दिवशी ५ जण एकटीवर सोडले ह्याला मी ट्रेनिंग म्हणणार नाही, तुला शिकाऊ म्हणून घेतलं आणि राबवलं पूर्ण माणसासारखं. उद्या कुणी पडलं तर विचारणार तुलाच. काय दाखवलं, कुणी दाखवलं, कुठल्या तारखेला, वहीत लिहून ठेवत जा.

वॉर्डातली_नर्स

नवीन मुलामुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आहे म्हणून लिहिते. वरच्या ताईंचं सगळं बरोबर. मी आमच्याकडे एकच सांगते, आधी मी करणार तू बघ, मग तू कर मी बघते, आणि मी बघितल्याशिवाय एकटीने करायचं नाही. तुझ्या पहिल्या ३ दिवसांत फक्त बघणं झालं, कुणीतरी उभं राहून तुझे हात बघायचं राहिलंच. तेच माग. "मला शिकवा" म्हटलं की सगळे बिझी असतात, "आज हे मी करते, तुम्ही फक्त २ मिनिटं बघा" म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

काही गोष्टी मात्र करून करून शिकायच्या नसतातच. होइस्टने (माणसाला झोळीत बसवून उचलायचं मशीन) उचलणं, ते दोन माणसांशिवाय नाही, कितीही घाई असो. औषधं देणं. आणि गिळायला त्रास असलेल्याला भरवणं. भरवताना ताठ बसवायचं, छोटा चमचा, गिळल्याचं दिसल्याशिवाय पुढचा घास नाही, झाल्यावर निदान ३० मिनिटं आडवं करायचं नाही. पाणी प्यायल्यावर आवाज घरघरीत, ओला ओला आला की थांबायचं आणि नर्सला बोलवायचं. खोकला आला नाही म्हणजे घशात नीट गेलं असं समजू नकोस, काही जणांना ठसका लागतच नाही आणि सगळं फुफ्फुसात जातं.

अजून एक, अंघोळ घालणारीला जेवढी त्वचा दिसते तेवढी डॉक्टरलाही दिसत नाही. माकडहाड, टाचा, कुल्ह्यांची हाडं रोज बघ. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोड. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक, पण लक्ष ठेव. दाबूनही लालच राहिलं तर बेडसोअरची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समज आणि लगेच सांग. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का. आणि चोळायचं अजिबात नाही, जुन्या लोकांना अजून तेल लावून चोळायची सवय आहे, त्याने आतली इजा वाढते.

तिसरा_आठवडा

सगळ्यांना थँक्यू, खरंच. खांद्याचं कालच नर्सना सांगितलं, त्यांनी बघितला, फिजिओला दाखवणार आहेत. आणि आज सकाळी त्याच आजोबांना शर्ट घातला, डावा हात आधी, बाही गोळा करून. वेळ लागला, ७-८ मिनिटं गेली असतील, पण ते काहीच बोलले नाहीत, शेवटचं बटण स्वतः उजव्या हाताने लावलं. सिनियर ताई दारात उभ्या होत्या, "एवढा वेळ?" म्हणाल्या, पण मग उद्या होइस्ट दाखवते असंही म्हणाल्या. आजींना नॅपकीन दिला, त्यांनी तो माझ्या तोंडावर फेकला 😄 पण चिमटा नाही.

एक विचारायचं होतं. दुसरे एक आजोबा आहेत, काल संध्याकाळपर्यंत एकदम ठणठणीत, पेपर वाचत होते, आणि आज मला बहिणीच्या नावाने हाक मारतायत, भिंतीवर मुंग्या आहेत म्हणतायत. ताई म्हणाल्या वय झालं, डिमेन्शिया सुरू झाला असेल. असा एका दिवसात होतो का?

वॉर्डातली_नर्स

नाही! डिमेन्शिया महिन्यांत, वर्षांत चढतो. एका रात्रीत असं झालं तर डिलिरियम (आजारपणामुळे अचानक होणारा डोक्यातला गोंधळ) समजायचं, आणि त्यामागे काहीतरी असतं, लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, पोट साफ न होणं, नवीन सुरू झालेली गोळी. हे वाचून झालं की फोन ठेव आणि ड्युटीवरच्या नर्सला सांग. "काल पेपर वाचत होते, आज ओळखत नाहीत" असंच सांग, त्याच शब्दांत. लघवी किती वेळा झाली, पाणी किती प्यायले, तेही बघून ठेव, ते विचारतील.

तिसरा_आठवडा

सांगितलं. ताप निघाला, १०१. कुणी मोजलाच नव्हता. डॉक्टर येतायत.