मदत हवी आहे: लेथवर डावे आटे पडेनात, उजवेच येतायत

टर्नर_अक्कलकोटरोड:
डावे आटे पाडायचेत. मोटर उलटी फिरवली, टूल पण उलट्या बाजूनं चालवलं, तरी उजवेच आटे येतायत. गिअर नेहमीचेच हायेत. गिऱ्हाईक संध्याकाळी येणाराय, ज्याला माहितीय त्यानं लवकर सांगा, व्हिडिओच्या लिंका टाकू नका.

जुना_फिटर:
लेथ कुठली, टम्बलर लिव्हर (लीड स्क्रूची दिशा बदलायचा दांडा) आहे का, जॉब काय, साइज काय? काहीच न सांगता कसं सांगायचं वो मालक?

टर्नर_अक्कलकोटरोड:
राजकोटची, चेंज गिअरवाली (पिचसाठी गिअर बदलून लावायचे). लिव्हर हाय पण जाम झालाय. बेंच ग्राइंडरचा शाफ्ट, डावीकडचं टोक, १६ एमएम.

जुना_फिटर:
पिच? म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर?

टर्नर_अक्कलकोटरोड:
२

चिंचोळीकर:
कशाला लेथच्या नादाला लागता, आटे पाडायची डावी डाय आणा, हातानं फिरवली की लगेच काम होतंय. आम्ही तसंच करतो.

सायकलप्रेमी:
ग्राइंडरच्या डाव्या नटाला डावे आटे असतात कारण दगड फिरताना नट आवळत राहावा, सुटू नये. सायकलच्या डाव्या पेडलला पण डावेच असतात.

जुना_फिटर:
ते त्याला माहितीय, त्यानं ते विचारलंच नाही. आणि डायचं म्हणाल तर खांद्याजवळचे, म्हणजे शाफ्ट जाड होतो तिथले, आटे अर्धवट राहतात, त्यात डाय जरा तिरकी लागली की नट फ्लँजवर सपाट बसत नाही. ग्राइंडरच्या दगडाला असलं चालत नाही.
टर्नरभाऊ, मोटर उलटी केली की चक (जॉब धरणारा) उलटा फिरतो आणि त्याच्याबरोबर लीड स्क्रू (टूल सरकवणारा लांब स्क्रू) पण उलटा फिरतो, म्हणजे बदललं काहीच नाही, म्हणून आटा तोच येतोय. एकट्या लीड स्क्रूची दिशा बदला. लिव्हर हलंना तर गिअरमध्ये एक आयडलर, म्हणजे नुसती दिशा बदलणारा मधला गिअर, जास्तीचा घाला, त्याला दाते कितीही असू देत, पिच बदलत नाही. मोटर सरळच ठेवा, कॅरेज (टूल धरून सरकणारा भाग) चककडून टेलस्टॉककडं, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाकडं, जायला पाहिजे, म्हणून सुरुवातीला टूल शिरायला खाच मारून घ्या. आणि चक आट्यावर बसणारा असेल तर उलट्या मोटरवर कट मारूच नका, चक सुटून अंगावर येईल.

बार्शीचा_पोरगा:
टूल पालथं लावून मोटर उलटी केली तर?

जुना_फिटर:
तरी उजवाच येणार, वर वाचा.

चिंचोळीकर:
लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा असेल तर १२७ दात्यांचा गिअर हाय का त्याच्याकडं? नसला तर २० आणि ६३ लावा, चालतंय.

जुना_फिटर:
२५ एमएम लांबीत ०.२ एमएमचा फरक पडतो, नट अडकत जाईल. ४० आणि १२७ च लावा. आणि हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूवर पकडणारा) मध्येच उघडू नका, इंचाच्या लीड स्क्रूवर एमएमचा आटा आहे, परत जागेवर पडणार नाही. टूल मागं ओढा, मोटर उलटी करून परत या, मग पुढचा कट. आट्याची एकूण खोली १.२३ एमएम.

टर्नर_अक्कलकोटरोड:
१२७ हाय. टूल उजव्या आट्याचंच चालंल का? खाच मारायची म्हणजे कुठं?

जुना_फिटर:
टूल परत घासा. आता टेलस्टॉककडची बाजू पुढं कापत जाणार, त्या बाजूला क्लिअरन्स जास्त पाहिजे, या आट्याचा तिरकेपणा अडीच अंशाच्या आसपास आहे. घासलं नाही तर टूल कापायच्या ऐवजी रगडतं आणि आटा फाटल्यासारखा दिसतो. खाच खांद्याला लागून, आट्याच्या बुडापेक्षा थोडी खोल.

टॉवेलवाला:
टर्नरसाहेब, दुकान अक्कलकोट रोडला नक्की कुठं? आमच्या लूमचा एक रोलर घासलाय, करून द्याल का?

टर्नर_अक्कलकोटरोड:
टॉवेलवाले, उद्या या. फिटरकाका, आयडलर बसवला, नुसता ओरखडा मारून बघितला, आटा डावा आलाय, पिच गेजला २ बरोबर लागतंय. पण दुसऱ्या कटला खांद्याजवळचा पहिला आटा रुंद व्हायलाय, पुढचे चांगले हायेत.

जुना_फिटर:
खाच अरुंद आहे. मोटर उलटी करून आल्यावर गिअरचा आणि हाफ नटचा ढिलेपणा भरून निघेपर्यंत कॅरेज जागेवरच थांबतं, तेवढ्यात टूल धातूत घातलं की आटा रुंद होतो. खाच ५ एमएम करा, कॅरेज सरकायला लागलेलं दिसलं की मगच टूल खाचेतनं पुढं येऊ द्या.

चिंचोळीकर:
म्हणून म्हणलं डाय आणा.