आय ७-१३५५यू की आय ५-१३४२०एच? स्थापत्य कामासाठी सल्ला हवा

लातूर, संरचना सल्लागार
नमस्कार. मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो. दिवसभर ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग, अधूनमधून स्टॅड प्रोमध्ये संरचनेची गणिते आणि महिन्यातून चार-पाच वेळा व्ही-रेमध्ये रेंडर, म्हणजे इमारतीचे खरेखुरे भासणारे चित्र. दुकानदाराने दोन लॅपटॉप दाखवले आहेत. एकात आय ७-१३५५यू प्रोसेसर आहे, दुसऱ्यात आय ५-१३४२०एच. रॅम व एसएसडी दोन्हींत सारखीच. आय ७ नऊ हजारांनी महाग आहे आणि ‘आय सेव्हन वरचाच असतो’ यापलीकडे दुकानदार काही सांगत नाही. हे जादा पैसे कामी येतील का?

वाळूज, टूलरूम डिझायनर
सर, ५ आणि ७ या आकड्यांपेक्षा शेवटचे अक्षर, यू की एच, आधी पाहावे. आपल्या आय ७ मध्ये दहा कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत खरे, पण त्यांतले ताकदीचे दोनच, उरलेले आठ वीज वाचवणारे. आय ५ मध्ये एकूण आठच असले तरी ताकदीचे चार आहेत. यू प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, तर एचची ४५ वॅट. ऑटोकॅडचे बरेचसे काम एकाच कोअरवर चालते, त्यामुळे तिथे ५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा आय ७ हा ४.६ गिगाहर्ट्झच्या आय ५ पेक्षा किंचित पुढे राहील, पण तो फरक हाताला जाणवण्याजोगा नाही. व्ही-रे मात्र सगळे कोअर एकदम जुंपतो आणि तिथे १५ वॅटचा प्रोसेसर फार वेळ तग धरत नाही. गेल्या मे महिन्यात पंख्याखाली बसून एका सहकाऱ्याच्या पातळ लॅपटॉपवर रेंडर लावले होते. टास्क मॅनेजरमध्ये सुरुवातीला तीन गिगाहर्ट्झच्या वर दिसणारा वेग सहा-सात मिनिटांत दोनच्या खाली आला आणि शेवटपर्यंत वर चढला नाही.

नांदेड, रस्तेकामाचे कंत्राटदार
वरील मत मान्य आहे, फक्त बॅटरीचा विचार राहून गेला. आमच्या साइटवर वीज नसते, तिथे यू प्रोसेसरवर माझा अर्धा दिवस निघतो, एचवर निघत नाही. आपले काम टेबलावरचे असेल तर हा मुद्दा सोडून द्यावा.

परभणी, संगणक दुरुस्ती
एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसरही पाहणार असाल तर ७००० मालिकेत तिसरा आकडा वाचा, कारण प्रोसेसर कोणत्या पिढीच्या रचनेवर बांधला आहे ते तोच सांगतो: ७५२०यू हा झेन २, ७७३०यू झेन ३ आणि ७८४०एचएस झेन ४. नाव नवे आणि रचना जुनी, अशी यंत्रे ग्राहक घेऊन येतात तेव्हा मनापासून वाईट वाटते, कारण प्रोसेसर बोर्डावरच पक्का जोडलेला असतो आणि मागाहून बदलता येत नाही. रॅमही एकाच पट्टीची आहे की दोन, हे विचारा. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरायचे असेल तर दोन पट्ट्या हव्यातच.

लातूर, संरचना सल्लागार
सर्वांचे आभार. काल पेनड्राइव्हवर माझीच एक चार मजली इमारतीची फाइल नेली आणि दुकानदाराला विनंती करून दोन्ही यंत्रांवर सिनेबेंच या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामची दहा मिनिटांची चाचणीही चालवली. ड्रॉइंग उघडण्यात काहीच फरक जाणवला नाही. दहा मिनिटांच्या चाचणीत आय ५ स्पष्टपणे पुढे राहिला, पंख्याचा आवाज मात्र मोठा होता. तोच घेत आहे, आणि वाचलेल्या पैशांतून रॅमची दुसरी पट्टी.