जिम्नीला व्हील स्पेसर: नाशिकमध्ये कसे आणि कुठे बसवून घ्यावेत?

पाथर्डीफाटा
नमस्कार मंडळी. पाच दारांची मारुती जिम्नी आहे. थोडी लिफ्ट करून (सस्पेन्शन उंचावून) २३५/७५ आर१५ मापाचे मोठे टायर टाकलेत. हायवेला काही अडचण नाही, पण स्टिअरिंग पूर्ण कापलं की पुढचा टायर आतून सस्पेन्शनच्या आर्मला घासतो. हर्षेवाडीकडच्या वळणांवर आवाज स्पष्ट येतो. दुकानदाराने स्पेसर सुचवले, म्हणजे चाक बाहेर सरकवायला हब (चाक जिथे बसतं तो भाग) आणि चाकाच्या मध्ये बसणारे तुकडे. एक १० मिमीची नुसती चकती, मूळ स्टडवर (ज्यावर चाकाचे नट आवळतात ते बोल्ट) सरकवायची. दुसरा २५ मिमीचा, स्वतःचे स्टड असलेला. ओळखीतले एक जण म्हणतात की अंबडला लेथवर निम्म्या पैशात होईल. पावसाळ्यात भावली-वैतरणेकडे चिखलात जाणं होतं आणि घरची माणसं सोबत असतात, म्हणून नीट विचारून घेतोय.

सातपूर_टूलरूम
दादा, १० मिमीची चकती डोक्यातून काढून टाका. जिम्नीचा स्टड १२ मिमी जाडीचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी. नटाने निदान स्टडच्या जाडीइतकी, म्हणजे १२ मिमी चूड (आटे) पकडायला हवी. हाताने फिरवलं तर साधारण साडेनऊ-दहा फेरे. मूळ स्टडवर १० मिमीची चकती आली की तेवढी चूड हातातून जाते. नट आवळल्यासारखा वाटतो, पण धरलेला असतो दोन-चार आट्यांवर. लांब स्टड टाकल्याशिवाय हा प्रकार करूच नका.

२५ मिमीचा घ्यायचा तर हबसेंट्रिकच, म्हणजे हबच्या मधल्या कडेवर नेमका बसणाराच घ्या. जिम्नीचा पीसीडी (स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) ५ × १३९.७, म्हणजे पाच स्टड आणि १३९.७ मिमी, आणि मधलं भोक १०८ मिमी. तरी चारही हबना व्हर्नियर लावून मोजा, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. स्पेसर आतून हबवर घट्ट बसला पाहिजे आणि बाहेरच्या बाजूला चाकासाठी तशीच कडा हवी. भार पेलतं ते नटांच्या दाबाने येणारं घर्षण. कडेचं काम चाक बरोबर मध्यावर ठेवण्याचं. कडा नसेल तर चाक केसभर बाजूला बसतं, गाडी थरथरते आणि त्या थरथरीने नट सैल होत जातात.

लेथबद्दल सांगतो, कारण मी त्याच कामात आहे. अंबड-सातपूरच्या कारागिरांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न मालाचा आहे. स्पेसर ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ ॲल्युमिनियमचा हवा, ओतीव नको. भंगारातून आलेल्या बारवर ग्रेड लिहिलेली नसते. त्यात स्टडही १०.९ ग्रेडचे हवेत आणि प्रेसने बसलेले हवेत. मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मिळत नसेल तर तयार, नाव असलेल्या कंपनीचेच घ्या.

गोदाकाठ_४×४
ताईचा सल्ला म्हणून ऐका: आधी स्पेसर खरंच लागतो का ते बघा. घासणं फक्त पूर्ण लॉकला (स्टिअरिंग टोकापर्यंत वळल्यावर) असेल तर स्टिअरिंगचा स्टॉपर, म्हणजे चाकाचं वळणं अडवणारा बोल्ट, थोडा वाढवून भागतं. वळायला जागा जरा जास्त लागेल, बाकी काही बिघडत नाही. दुसरा मार्ग म्हणजे कमी ऑफसेटची रिम (ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर; तो कमी तितकं चाक बाहेर). २५ मिमी स्पेसर म्हणजे ऑफसेट २५ ने कमी, हिशोब तोच. रिममध्ये मात्र जोड एकच राहतो, नटांचा दुसरा संच येत नाही. मी रिमच घेईन.

बेअरिंगवरचा ताण दोन्हींत वाढतो. दगडाला चाक आपटलं की स्टिअरिंगला जास्त हिसका बसतो, म्हणून अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवून चालवू नका. जिम्नीला पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा) आहे, त्यामुळे स्टिअरिंग थरथरण्याची सवय असलेल्या गाडीत ती थरथर वाढूही शकते. बॅलन्सिंग आणि किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीचे) बेअरिंग आधी तपासा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता मूळ तपशिलात बदल चालत नाही. कलम १८२अ खाली दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रिम असो वा स्पेसर, विमा कंपनीला आधी लेखी विचारा. घरची माणसं गाडीत बसतात, तेव्हा हे कागद महत्त्वाचे.

पाथर्डीफाटा
ताई, स्टॉपर वाढवून पाहिला. थोडा फरक पडला, पण एक चाक वर चढलं की अजून घासतंय. रिम आत्ता बजेटमध्ये नाही. विमा कंपनीला आज मेल टाकतो. त्यांचं उत्तर अनुकूल आलं तर २५ मिमी हबसेंट्रिक. बसवायचं कुणाकडे?

सातपूर_टूलरूम
दुकानाच्या नावापेक्षा एक गोष्ट बघा: टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरावर, म्हणजे टॉर्कवर, नट आवळणारा पाना) आहे का, आणि तो तुमच्यासमोर वापरतात का. नुसती इम्पॅक्ट गन मारून "झालं साहेब" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. हबचा गंज तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत काढायला लावा. गंजाचा पापुद्रा खाली राहिला तर तो नंतर दबतो आणि नट आपोआप ढिले होतात. चुडीला ग्रीस किंवा तेल नको. त्याने त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. हबच्या कडेवर मात्र अँटीसीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पेस्टचा) पुसटसा हात चालेल, नाहीतर ॲल्युमिनियम लोखंडाला धरून बसतं.

आतले नट स्पेसर बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कला, बाहेरचे गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. दोन्ही वेळी एक सोडून एक, चांदणीसारखे, आणि टप्प्याटप्प्याने. चाक चढवण्याआधी मूळ स्टडची टोकं स्पेसरच्या पातळीबाहेर येतात का ते सरळ पट्टी ठेवून बघा. टोकं बाहेर असतील आणि रिमच्या मागे खाचा नसतील तर चाक स्पेसरऐवजी त्या टोकांवर टेकतं. हे फार धोक्याचं, आणि स्टीलच्या रिमला जास्त. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना सारखीच जाडी ठेवा.

मग एक चाक दगडावर चढवून दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग कापा. टायर आता मोठ्या वर्तुळात फिरतो, त्यामुळे आर्म सुटला तरी बंपर किंवा लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) लागू शकतो.

पाथर्डीफाटा
आणि पंक्चर झालं तर?

सातपूर_टूलरूम
पंक्चरवाला बाहेरचेच नट काढतो, आतले कुणी बघत नाही. म्हणून चाक उतरलं की दर वेळी आतल्या पाच नटांना रेंच लावा. बसवल्यावर पहिल्या ८०-१०० किलोमीटरला चाकं उतरवून आतले-बाहेरचे सगळे नट परत टॉर्क करा. नटाभोवती तांबूस ओघळ, टकटक आवाज किंवा नवी थरथर जाणवली तर गाडी तिथेच थांबवा. पाना आणि १९ चा पातळ भिंतीचा सॉकेट गाडीतच ठेवा, जाड सॉकेट स्पेसरच्या खाचेत जात नाही.