स्टेलारिस ४.० : गेम पुन्हा पायापासून बांधायची गरज होती का?

मृगशीर्ष (धागाकर्ता) – २१ एप्रिल २०२५

५ मेला स्टेलारिसचं ४.० येतंय. नाव फिनिक्स. मार्चपासून त्याचा खुला बीटा (कोणालाही खेळून बघता येईल अशी चाचणी आवृत्ती) चालू आहे आणि दर गुरुवारी विकासकांची डायरी आली की मी आधी ती वाचतो, मग जेवायला बसतो. एवढी वाट मी कुठल्याच अपडेटची पाहिली नव्हती. का, ते सविस्तर लिहितो. ज्यांचं मत उलटं आहे त्यांनीही जरूर लिहा.

खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वीडनच्या पॅराडॉक्सचा हा गेम ९ मे २०१६ ला आला. २२०० साल उजाडलेलं असतं, तुमच्या प्रजातीला प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास करणं नुकतं जमलेलं असतं. एका ग्रहापासून सुरुवात करून आकाशगंगेत राज्य उभं करायचं. मधल्या काळात शेजारी, युद्धं, तह, व्यापार. २४०० उलटलं की मोठं संकट येतं: बाहेरच्या आकाशगंगेतून प्रेथोरिनच्या झुंडी, दुसऱ्या मितीतून अनबिडन, नाहीतर यंत्रांचं कंटिंजन्सी. सगळा गेम या शेवटच्या शतकाकडे चाललेला असतो.

आणि तिथपर्यंत आपल्यातले किती जण पोचतात? माझा लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅमचा. परवा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजलं. २२१० मध्ये सर्वांत जास्त गतीवर एक वर्ष सव्वा मिनिटात सरलं. त्याच डावात २३९० चं वर्ष सरायला पाच मिनिटांच्या वर गेली. दर महिन्याच्या १ तारखेला वरचं घड्याळ अडखळतं, ताफे जागच्या जागी थबकतात, मग एकदम पुढे सरकतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. संकट येण्याआधीच माणूस नवा डाव मांडतो.

कारण पॉप. गेममधली लोकसंख्या पॉपमध्ये मोजतात, आणि प्रत्येक पॉपचा हिशोब वेगळा होतो. याची प्रजाती कोणती, गुण कोणते, हक्क कोणते, खूश आहे का, ग्रहावरच्या कुठल्या कामाला हा सर्वांत योग्य. ८००–१००० ताऱ्यांच्या नकाशावर सगळ्या साम्राज्यांचे मिळून हजारो पॉप होतात, आणि प्रोसेसर त्या प्रत्येकाची चौकशी करत बसतो.

२०२१ च्या ३.० मध्ये यावर उपाय काय केला? साम्राज्याची लोकसंख्या वाढेल तसा पुढचा पॉप जन्माला यायला जास्त वेळ लागेल, असा नियम. म्हणजे रांग लांब होते म्हणून माणसंच कमी करायची. नवे ग्रह वसवले की ओस पडलेले, आणि स्वतःची प्रजा वाढवण्यापेक्षा शेजाऱ्याची पळवून आणणं फायद्याचं. तो उपाय मला कधीच पटला नाही.

४.० मूळ दुखण्याला हात घालतंय. एका जुन्या पॉपचे १०० नवे होणार, पण एकसारखे असलेले सगळे एका गटात. हिशोब गटाचा. माझ्या मते हे पाच वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

चौथा डाव

पूर्ण असहमत. दुखणं खरं आहे, पण औषध म्हणून दर वेळी पेशंटच बदलायचा हे कसं चालेल?

जरा मागे वळून बघा. फेब्रुवारी २०१८, २.० : प्रवासाच्या तीन पद्धती होत्या, वार्प (जवळच्या कुठल्याही ताऱ्यावर थेट उडी), वर्महोल (केंद्र बांधून तिथून उडी) आणि हायपरलेन (ताऱ्यांमधल्या ठरलेल्या वाटा). त्यातल्या पहिल्या दोन काढून टाकल्या, सीमा ठरवायची रीत बदलली. डिसेंबर २०१८, २.२ : ग्रहाची जमीन ज्या चौकोनांत विभागलेली असायची (एका चौकोनात एक पॉप) ते गेले, डिस्ट्रिक्ट (शेती, खाणी असे विभाग) आणि त्यातल्या नोकऱ्या आल्या. एकाच वर्षात दोनदा. २०२१, ३.० : लोकसंख्यावाढीचे नियम बदलले. आता ४.० मध्ये पॉप नवे, ग्रहांची रचना नवी, व्यापार नवा.

तुम्ही ज्या लॅगबद्दल, म्हणजे गेम अडखळण्याबद्दल, लिहिलंय ना, तो एवढा वाढला कशामुळे? २.२ च्या नोकऱ्यांमुळे. चौकोनांच्या काळात एका ग्रहावर जास्तीत जास्त २५ पॉप, प्रत्येकाची जागा ठरलेली, काम ठरलेलं. ती रचना मोडली तेव्हाही हेच सांगितलं होतं की आता अर्थव्यवस्था खोल होणार. झाली, नाही म्हणत नाही. पण संगणकाच्या ताब्यातली साम्राज्यं पुढे कितीतरी महिने स्वतःची अर्थव्यवस्था सांभाळू शकत नव्हती. शेजारी आपोआप कोसळत होते. एका दुरुस्तीतून पुढचा बिघाड, त्यावर पुन्हा दुरुस्ती. दुधाने तोंड पोळलंय, म्हणून मी हे ताक फुंकून पिणार.

सांजवेळ

२.० बद्दल मला बोललंच पाहिजे. मी वार्पवाली होते आणि तेव्हा खूप चिडले होते. २०१७ च्या शेवटी डायरीत ते जाहीर झालं, तेव्हापासून अपडेट येईपर्यंत मी गेम उघडला नव्हता.

मग नव्या आवृत्तीत एक डाव झाला. माझ्या राज्यात यायला उत्तरेकडून एकच हायपरलेन होती, एका लाल बटू ताऱ्यातून. तिथे मी स्टारबेस (अंतराळातला तळ) बांधला, जमतील तेवढ्या तोफा बसवल्या. माझा ताफा शत्रूच्या निम्मासुद्धा नव्हता. तो आला, त्या ताऱ्यापाशी अडकला, आणि तेवढ्या वेळात दक्षिणेकडचा माझा ताफा पोचला. वार्पच्या काळात हे शक्यच नव्हतं. शत्रू कुठेही उतरायचा, तटबंदीला काही अर्थच नव्हता. खिंड लढवणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी या गेममध्ये कळलं.

विकासक माझ्या रागाला घाबरून थांबले असते तर हा डाव मला मिळालाच नसता. म्हणून ४.० च्या बाबतीत मी आधीच नाही म्हणणार नाही.

नदीकाठ

वेगाबद्दल सगळे बोलतायत. मला चेहऱ्याबद्दल बोलायचंय.

चौकोनांच्या काळात ग्रह उघडला की प्रत्येक चौकोनात एक चेहरा दिसायचा. कुठे कोल्ह्यासारखा, कुठे बुरशीसारखा, कुठे माणूस. कोण शेतावर आहे, कोण प्रयोगशाळेत, कोण रिकामा बसलाय, सगळं एका नजरेत. राजधानीच्या इमारतीला लागून असलेल्या चौकोनात उत्पन्न जास्त मिळायचं, म्हणून कोणाला कुठे बसवायचं याचा मी विचार करायचे. एकदा शेजारच्या युद्धातून पळालेले निर्वासित माझ्या एका थंड, निरुपयोगी ग्रहावर आले. तीन पॉप. त्यांना ते हवामान सोसत नव्हतं. मी खनिजं साठवून त्यांच्यासाठी वेगळा ग्रह वसवला. गेमच्या दृष्टीने तो तोट्याचा सौदा होता.

२.२ नंतरही निदान एक पॉप म्हणजे एक चित्र होतं. आता काय दिसणार? ‘४२००’. त्यातले ३०० उपाशी मेले तर आकडा ३९०० होईल. तुमचा हिशोब पटकन होईल हे मान्य, पण मग मी राज्य कोणावर करतेय?

मृगशीर्ष

@नदीकाठ, तुमच्या या प्रतिसादावर मी कालपासून विचार करतोय. मुद्दा खरा आहे, आणि बीटातही ग्रहाचा पडदा उघडल्यावर आधी आकडे नजरेत भरतात हे मान्य करतो.

पण एक सांगा, २३५० मध्ये तुमच्याकडे चाळीस ग्रह असताना तुम्ही त्या चेहऱ्यांकडे बघता का? माझ्याच्याने होत नाही. तेव्हा तुमचे तीन निर्वासित कुठल्यातरी यादीत नवव्या ओळीला असतात. पहिल्या पन्नास वर्षांत जी आपुलकी वाटते ती पॉपच्या चित्रामुळे नसून ग्रह मोजके असतात म्हणून असते, असं मला वाटतं. आणि दुसरं, गटाला प्रजाती आहेच, मतं आहेत, दर्जा आहे. निर्वासितांचा गट वेगळाच दिसणार. १०० चा असो की ३०० चा.

नदीकाठ

बघते. पण ‘बघत नाही’ आणि ‘बघायला काही उरलंच नाही’ यात फरक आहे. चाळीस ग्रह असतानाही मी अधूनमधून त्या पहिल्या ग्रहावर जाऊन येते.

शून्यएक

मी दिवसभर कोडच लिहितो, म्हणून तांत्रिक बाजू. गट केले की हिशोब हलका होतो हे तेव्हाच खरं, जेव्हा गट थोडे असतात. एकाच प्रजातीचं साम्राज्य असेल तर उत्तम. पण सगळ्यांना सामावून घेणारं राज्य चालवणाऱ्यांचं काय? दहा प्रजाती, प्रत्येकीत वेगवेगळी मतं, वेगवेगळे सामाजिक थर, ते सगळं प्रत्येक ग्रहावर. हा गुणाकार करून बघा. त्यात झेनो-कंपॅटिबिलिटी हा पर्क (साम्राज्यासाठी निवडायची खास सवलत) घेतला की संकरित प्रजाती तयार होत राहतात. त्या पर्कने गेम जड होतो ही ओरड जुनीच आहे. नव्या रचनेत तर प्रत्येक संकर म्हणजे नवा गट.

मी विरोधात नाही. दिशा बरोबर आहे. पण ‘लॅग गेला’ असं ५ मेच्या सकाळी कोणी म्हणू नये एवढंच. बीटा मी आतापर्यंत २२७० पर्यंतच नेलाय आणि तिथे जुनी आवृत्तीही नीटच पळते. खरा निकाल २४०० नंतर.

रत्नांग्री

@चौथा डाव, अरे, तू तरी असं बोलू नको! दर शनिवारी आपण चौघं खेळतो, तुला माहितीये काय होतं ते.

बाकीच्यांसाठी: आम्ही चार मित्र. दोघं पुण्यात, एक आइंडहोव्हनला, मी रत्नागिरीत. रात्री आठला बसतो, तेव्हा त्याच्याकडे दुपारचे साडेचार. मल्टिप्लेअरमध्ये ज्याचं मशीन सर्वांत हळू त्याच्या चालीने सगळ्यांना चालावं लागतं. आमच्यात सर्वांत जुनं मशीन माझं. २३०० नंतर तिघंही माझ्यासाठी थांबतात, कोणी काही बोलत नाही, पण मला वाईट वाटतं. गेल्या वर्षी आम्ही चार डाव मांडले आणि चारही अर्धवट राहिले. एकदाही संकट पाहिलं नाही. नवं मशीन घ्यायचं तर आधी घराच्या पत्र्यांचं काम आहे, पावसाळ्याआधी.

हे अपडेट फुकट आहे. त्याने माझं मशीन २४०० पर्यंत पोचलं तर बाकीचं सगळं मी पुन्हा शिकायला तयार आहे.

चौथा डाव

@रत्नांग्री, तुझ्यासाठी थांबायला आमची कोणाचीच हरकत नव्हती आणि नाही. हे मनातून काढून टाक.

पण अपडेट फुकट म्हणून घाईने आणायचं का? माझा मुख्य आक्षेप तारखेवर आहे. त्याच दिवशी बायोजेनेसिस हा विकतचा विस्तार येतोय, जिवंत जहाजं वगैरे. म्हणजे तारीख ठरलेली. बीटात मात्र अजून ग्रहांची रचनाच बदलतेय. डिस्ट्रिक्टच्या आत झोन, झोनमध्ये इमारती, हे सगळं आठवड्या-आठवड्याला फिरतंय. संगणकाला ही नवी अर्थव्यवस्था शिकवायची कधी? २.२ ला नेमकं हेच नडलं होतं. दोन महिने पुढे ढकला, बायोजेनेसिसही ढकला. मी आनंदाने थांबेन. नऊ वर्षं थांबलोच आहे.

सांजवेळ

तारखेबाबत मात्र माझं @चौथा डाव यांना +१. बदल हवा, घाई नको.

हातोडी

मॉड (खेळाडूंनी स्वतः गेमला जोडलेली भर) बनवणाऱ्यांचं कोणी काही बोललं नाही म्हणून लिहितो. मी एक छोटा मॉड सांभाळतो, इमारतींचा. माझ्या फायलीत जवळपास प्रत्येक ओळ पॉप आणि नोकरी यांवर आहे. ४.० मध्ये ती प्रत्येक ओळ पुन्हा लिहावी लागणार. गिगास्ट्रक्चरल इंजिनिअरिंगसारखे अवाढव्य मॉड करणाऱ्यांचं काम तर विचारूच नका. हे सगळं लोक नोकरी, परीक्षा सांभाळून, पैसे न घेता करतात. दर मोठ्या अपडेटनंतर काही मॉड कायमचे बंद पडतात, कारण कोणाला तरी वाटतं की आता पुरे.

तरी मी ४.० च्या बाजूने आहे. २०२१ मध्ये गेमचे जुने भाग दुरुस्त करण्यासाठी कस्टोडियन नावाचा वेगळा गट नेमला गेला, तेव्हापासून दुरुस्त्या सोडून दिल्या जात नाहीत असा माझा अनुभव आहे. सुरुवातीला बग असतील. पण निस्तरले जातील.

वाटसरू

व्यापारमार्ग जाणार! चाचेगिरी रोखायला दोन-दोन जहाजं गस्तीवर पाठवायची कटकट जाणार! व्यापार हा आता इतर साधनांसारखा तिजोरीत साठणार, बाजारात त्यानेच खरेदी. माझं मत ठरलं.

शून्यएक

@वाटसरू, तूट असलेल्या ग्रहांना आणि घरापासून लांब गेलेल्या ताफ्यांनाही तोच व्यापार खर्ची पडणार आहे, तेवढं लक्षात ठेवा. लांबची मोहीम काढताना आधी तिजोरी बघावी लागेल. मला स्वतःला हा बदल सर्वांत जास्त आवडलाय. रसद नावाची गोष्ट या गेममध्ये नीट अशी कधी नव्हतीच.

मृगशीर्ष

एक व्यवहाराची सूचना, विशेषतः @नदीकाठ आणि @चौथा डाव यांच्यासाठी. जुने सेव्ह (साठवून ठेवलेले डाव) ४.० मध्ये चालणार नाहीत. पण स्टीमवर (गेम जिथून उतरवतो ते ॲप) गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाज म्हणून भाग आहे, तिथून जुनी आवृत्ती निवडता येते. ३.१४ ची शेवटची आवृत्ती ३.१४.१५९२६ आहे, गणितातल्या पायच्या (π) आकड्यांवरून, त्यामुळे यादीत चटकन सापडेल. चौकोनांच्या काळातल्या आवृत्त्याही तिथे आहेत. ५ मेच्या आधी निवडून ठेवा, म्हणजे अपडेट आपोआप उतरणार नाही.

तारखेचा मुद्दा मला पटलाय. बीटा अजून कच्चा आहे, आणि दोन महिने मिळाले असते तर बरं झालं असतं. पण काम हातीच घ्यायला नको होतं, हे मी अजूनही मानत नाही.

नदीकाठ

हे माहीत नव्हतं. आज रात्रीच चौकोनांची १.९ उतरवते.

चौथा डाव

@रत्नांग्री, आपला डाव २३७१ ला थांबलाय. ५ मेच्या आधी दोन शनिवार आहेत. नकाशा लहान आहे, उरलेले दोन शेजारी एकमेकांशी भांडून अर्धे झालेत. या शनिवारी आठऐवजी सहाला बसू, आइंडहोव्हनवाल्याला मी सांगतो. तू गेमशिवाय बाकी सगळं बंद कर, ब्राउझरसुद्धा. जितकं हळू चालेल तितकं चालू दे. या वेळी संकट येईपर्यंत उठायचं नाही.

रत्नांग्री

सहाला बसतो. उत्तरेच्या वाटेवरचा स्टारबेस आधी पुरा कर, गेल्या वेळी खनिजं संपली होती.